मागची शीर

"आता सांग, सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं आणि हैदरची नडगी दोन्ही हातांत धरून माझ्याकडं ओढली.

"चहा-खारी," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा पाय ढिला पडला.

"बघ, सुटली. बोलायला लागलास की शीर सुटतीया. परत."

तालमीतल्या मालिशच्या फळीवर तो उताणा पडला होता, डावा गुडघा दुमडून, पाऊल फळीवर टेकवून. मी त्याच्या पावलावर बूड टेकून बसलो होतो. मांडीच्या मागची जाड शीर त्यानं आतल्या आत आवळून धरायची आणि चेहऱ्यावर मात्र त्यातलं काही दिसू द्यायचं नाही, असं चाललं होतं. मी काहीही विचारीन, त्यानं हसत उत्तर द्यायचं, आणि मी कितीही ओढलं तरी नडगी हलता कामा नये. शनिवारची सकाळ सगळी यातच गेली. बाराच्या सुमाराला त्याला जमायला लागलं. दुपारी दोन वाजता त्यानं मला अख्खा एक विनोद सांगितला, शेवटपर्यंत, आणि नडगी सूतभरही सरकली नाही.

"मामा, एवढं कशाला करालाय?" त्यानं घाम पुसत विचारलं.

"उद्या ती डॉक्टरीण बाई येणार. ती ओढून बघती. तुझी शीर धरलीया, ओढताना कळ आली आणि तू तोंड वाकडं केलंस तर बाई कागदावर फुली मारून जाईल. म्हणून."

त्यानं मान डोलावली. सतरा वर्षांचं पोरगं, मी सांगितलेलं सगळं त्याला खरंच वाटायचं.

मी केरबा पोवार. पाणवठा तालमीत मालिश करतो. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीची फुटबॉल टीम, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. कुस्ती मागं पडली, आखाड्यावर ताडपत्री आली आणि तालमीत बॉल शिरला. मालिशवाला तेवढा तोच राहिला. पैलवानांच्या मांड्या रगडणारे हात आता फॉरवर्डच्या पोटऱ्या रगडू लागले. निखळलेलं हाड, धरलेली शीर, आलेली सूज, हात लावला की मला कळतं. हे सांगायला मला नेहमी आवडत आलंय, आणि पुढचं सगळं त्या आवडीपायीच घडलं.

आमची तालीम मोठ्या तालमींपुढं कायम चिल्लर. त्यांच्याकडं परदेशी खेळाडू, आमच्याकडं गल्लीतली पोरं. मग आमचे अध्यक्ष सर्जेराव भोपळे, पेठेचे आबा, यांनी एक मार्ग काढला. पोरं लहानपणी उचलायची, घडवायची, नाव झालं की बाहेरच्या मोठ्या क्लबला विकायची. पहिला गोलकीपर गेला आणि तालमीला नवी खोली झाली. मग दोघं भाऊ गेले आणि तालमीच्या दारात बस उभी राहिली. पोरगं गेलं की चौकात फ्लेक्स लागायचा, "पाणवठ्याचा हिरा". त्यावर हिऱ्यापेक्षा आबांचा फोटो मोठा असायचा. सुरुवातीला मलाही यात वाईट काही दिसलं नाही. पोरांचं भलं होत होतं, तालीम वाढत होती.

हैदर त्या सगळ्यांत उजवा. डाव्या बगलेनं बॉल घेऊन निघाला की समोरचा बॅक नुसता वळून बघत राहायचा. त्याचे वडील बाबूभाई शिकलगार, चौकाच्या कोपऱ्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबची माणसं तीन मॅच बघून गेली होती. त्यांना पोरगं पसंत होतं. राहिली होती ती फक्त तब्येतीची तपासणी, आणि सोमवारी दुपारी त्यांची खेळाडू नोंदवायची मुदत संपत होती.

त्या शनिवारच्या तीन आठवडे आधी सरावात हैदर हवेतून खाली आला, पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मी बाकावरून ऐकला. गुडघा रात्रीतून टरारून सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दहा दिवसांनी सूज उतरली आणि पोरगं सरळ रेषेत पळायलाही लागलं. आम्ही दोघंच होतो तेव्हा मी त्याचा गुडघा दुमडून नडगी ओढून बघितली. कपाटाचा खण सरकावा तशी ती अलगद पुढं आली. हाडाला हाड बांधून ठेवणारा आतला दोर तुटला होता. एक्स-रेत हाडं दिसतात, दोर दिसत नाही.

हैदरला मी सांगितलं, "शीर धरलीया, सुटंल." आधी आबांच्या कानावर घालावं आणि मग पोराला सांगावं, असं मनात होतं. निदान मी तसं स्वतःला सांगत होतो.

आबा गुरुवारी दुपारी मळ्यात भेटले. जेवत होते. समोर तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ताटात नळ्यांचा ढीग. मला त्यांनी बसायला सांगितलं, वाढायला सांगितलं.

मी म्हणालो, "आबा, हैदरच्या गुडघ्यातला दोर तुटलाय. ऑपरेशन लागंल. सात-आठ महिने बॉलला पाय लावायचा न्हाई. तेवढं पाळलं तर पोरगं परत उभं राहील. तसाच खेळला तर आतली गादी फाटंल आणि पाय कायमचा जाईल."

आबांनी एक नळी उचलली, फोडली आणि चोखली. बराच वेळ चोखली.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"हातानं."

"त्यांच्या बाईला कळंल?"

इथं मी उठून जायला हवं होतं. पण आबा माझ्या कलेबद्दल विचारत होते, आणि तालमीत इतकी वर्षं मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी मांडी सावरून बसलो आणि सांगायला लागलो. बाई गुडघा कसा दुमडेल, कुठं धरेल, कसा ओढेल. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "तसं बघितलं तर मांडीमागची शीर आवळून धरली की नडगी सरकत न्हाई. पैलवान धरायचे. पण ते कळू न देता धरायला लई सराव लागतोय."

आबांचं चोखणं थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. वडगावच्या बाजारात व्यापारी बैलाचं तोंड उघडून दात बघतो आणि मग मालकाकडं बघतो, तसं.

"किती दिवसांचा सराव?" ते म्हणाले.

मी पुढ्यातली भाकरी मोडली.

"केरबा, मैदानावर लाईटी बसवायच्या आहेत. रात्रीच्या मॅची आपल्याकडं आल्या की मोठ्या तालमी आपल्या दारात येतील. आणि तू अजून त्या फळीवर बसतोस, बरं दिसत न्हाई. तुला खोली देतो. मशीन देतो. दारावर पाटी लावू, तुझ्या नावाची." मग त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "आणि पोरगं तिकडं गेल्यावर पाय मोडला, तर तो तिकडं मोडला. खेळात मोडतोच की."

मी त्यांच्याकडं जेवलो. हे मुद्दाम सांगतो, कारण आज मला त्या जेवणाची आठवण आली तरी तोंडात कसंतरी होतं. त्या दिवशी मी दोनदा रस्सा मागून घेतला होता.

म्हणून शनिवारी हैदर फळीवर होता आणि मी त्याला सकाळी काय खाल्लंस ते विचारत होतो.

संध्याकाळी बाबूभाई आले. त्यांच्या हातात माझी चिकटपट्टी कापायची कात्री होती, कागदात गुंडाळलेली. मी ती आठवड्यामागं त्यांच्याकडं टाकली होती.

"धार लावलीया मामा. केस धरला तर कापंल." ते दाराशीच उभे राहिले. "उद्या सही करायची म्हणत्यात. पोरगं सज्ञान न्हाई, म्हणून माझी. मला खेळातलं काय कळत न्हाई. आबा म्हणतात सोनं झालं पोराचं. पण त्याची अम्मी म्हणती, जिना उतरताना पोरगं कठडा धरतंय. रोज धरतंय."

"शीर धरली होती, बाबूभाई."

"मग सुटली का?"

"सुटती की. तरणं अंग हाय."

"तुम्ही म्हणता न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं. तुम्ही त्याला लहानपणापासून हात लावताय. मी आबांच्या शब्दावर सही केली नसती. तुमच्या शब्दावर करतो."

कात्रीचे पैसे देऊ केले तर त्यांनी हात मागं घेतला. म्हणाले, तालमीच्या माणसाकडून काय घ्यायचं.

रविवारी सकाळी बाई आल्या. शर्वरी हुंदरे, मूळच्या बेळगावच्या, तिशीच्या आतबाहेर. आबांनी ऑफिसात पेढे, काजू आणि शाल मांडून ठेवली होती. बाईंनी कशालाच हात लावला नाही. हैदरला टेबलावर झोपवलं. आधी उजवा गुडघा बघितला, मग डावा दुमडला, पावलावर बसल्या आणि नडगी धरली. अगदी मी बसलो होतो तशाच.

"घरी कोण कोण आहेत?" त्यांनी विचारलं आणि ओढली.

"अम्मी, अब्बा, एक आपा," हैदर हसत म्हणाला. "आपाचं लग्न ठरलंय."

नडगी हलली नाही. आणि मी जे सांगणार आहे ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मला अभिमान वाटला. चेला कुस्ती मारतो तेव्हा वस्तादाला वाटतो, तसा. मी दाराला टेकून उभा होतो आणि माझी छाती भरून आली होती.

"मांडी सैल सोड बाळा," बाई म्हणाल्या.

"सोडलीया की मॅडम."

त्यांनी पुन्हा ओढली. मग कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ तशाच बसल्या. आबा काजूची बशी पुढं सरकवत राहिले.

"मामा, जरा बाहेर येता?" त्या मला म्हणाल्या.

आम्ही आखाड्याच्या कडेला उभे राहिलो. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं, खालची माती चिमटीत घेतली आणि वास घेतला.

"हळद, ताक, तेल," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा बेळगावात आखाड्यात मालिश करायचे. आम्हाला कॉलेजात जे चार वर्षं शिकवलं, ते आजोबा हात लावून सांगायचे. चुकायचे नाहीत." मग त्यांनी माती खाली सोडली. "मामा, माझा हात काहीतरी सांगतोय, पण नक्की सांगत नाही. मोठी तपासणी करायला आज रविवार, आणि उद्या दुपारी मुदत संपते. मी शंका लिहिली तर हा करार गेला. नुसत्या शंकेवर पोराचं नशीब फिरवायचं जिवावर येतं. तुम्ही रोज त्याला हात लावता. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

कुणी मला धमकावलं नव्हतं. आबा आत होते. माझ्यापुढं एक शहाणी बाई उभी होती, माझ्याच धंद्यातली, आणि तिला तिच्या शिक्षणापेक्षा माझे हात मोठे वाटत होते. आयुष्यात इतका मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही. "तुटलाय" एवढा एक शब्द म्हणायचा होता.

"काय न्हाई ताई," मी म्हणालो. "शीर धरली होती. सुटली."

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, क्षणभर धरला, आणि आत जाऊन कागद भरला.

संध्याकाळी हलगी लावून हैदरची मिरवणूक निघाली. आबांनी हाराचं एक टोक स्वतःच्या गळ्यात घालून फोटो काढला. बाबूभाई कोपऱ्यात नव्या शर्टात उभे होते. गाडीत बसायच्या आधी हैदर माझ्याकडं आला, पाया पडला आणि कानाशी लागून म्हणाला, "मामा, तिकडं पण शीर धरूनच खेळू काय?"

त्याला अजून वाटत होतं की मी त्याला इलाज शिकवलाय.

"धरूनच खेळ," मी म्हणालो.

चौथ्या मॅचला, जवळपास कुणी नसताना, नुसता वळताना तो पडला. दोर गेलेला होताच, आता गादी फाटली आणि हाडाचा तुकडा उडाला. तिकडच्या लोकांनी दोन ऑपरेशनं केली, वर्षभर सांभाळला आणि घरी पाठवला. खेळात मोडतोच, असं आबा चौकात सगळ्यांना सांगत होते. तोवर मैदानावर लाईटी लागल्या होत्या. उद्घाटनाला मी पहिल्या रांगेत होतो.

मला खोली मिळाली. मशीन मिळालं. पाटीवर "केरबा पोवार, फिजिओ" असं लिहिलंय. कधी कधी शेजारच्या तालमीतली पोरंही येतात आणि मला सर म्हणतात.

आणि इथंच संपलं असतं तर एखाद वेळेस मी स्वतःला चुकलेला माणूस म्हणवून घेतलं असतं. पण पुढच्याच हंगामात आबांनी एका पोराला माझ्याकडं पाठवलं, खांदा निखळायचा त्याचा. सोबत निरोप होता, "हैदरसारखं याचं पण करा." मी केलं. मग अजून दोघांचं केलं. त्यातल्या शेवटच्या वेळी तर मला कुणी निरोप पाठवायचीही गरज पडली नाही, पोराच्या घोट्याला हात लावला आणि मीच विचारलं, तपासणी कधी आहे. घरी येऊन साबणानं हात धुतले, जेवलो, झोपलो. झोप चांगली लागली, याचीच मला सगळ्यांत जास्त किळस येते.

या सगळ्याला नऊ वर्षं झाली. कोपऱ्यावरच्या दुकानासमोरून जायचं मी टाळत होतो. कात्रीला धार लावायला लक्ष्मीपुरीपर्यंत चालत जायचो. गेल्या महिन्यात पाऊल दुखत होतं, चालणं होईना, आणि दुसऱ्या दिवशी मॅच. कात्री घेऊन कोपऱ्यावर गेलो. वाटलं, बाबूभाई असतील, टाकून निघून येऊ.

हैदर बसला होता. अंग भरलंय, दाढी ठेवलीय. बाबूभाईंचं चाक पायानं फिरवायचं होतं, याचं मोटरीचं आहे. डावा पाय त्यानं एका पत्र्याच्या डब्यावर सरळ पसरून ठेवला होता.

"या मामा," तो म्हणाला. स्टूल पुढं केलं. कात्री हातात घेऊन पात्यावरून अंगठा फिरवला. "कुणी लावली ही? पार वाट लावलीया."

मी बसलो. त्यानं मोटर सुरू केली. ठिणग्या उडत होत्या आणि मी त्याच्या पायाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होतो. मोटर बंद झाल्यावर तो पातं पुसत सावकाश बोलायला लागला.

"तिकडं हॉस्पिटलात हुंदरे मॅडम आल्या होत्या. लई रडल्या. नोकरी सोडली म्हणे त्यांनी. मला विचारलं, ही शीर धरायला तुला कुणी शिकवलं? मग गुडघ्याचं चित्र दाखवून सगळं समजावून सांगितलं, शीर धरल्यावर काय दिसत न्हाई ते. तेव्हा कळलं मला."

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, कुणी न्हाई. खेळून खेळून सवय लागली असंल." त्यानं कात्रीची पाती मिटली. "अब्बांना पण सांगितलं न्हाई. त्यांनी तुमच्या शब्दावर सही केली होती. म्हातारपणी कशाला."

समोरून एक बाई विळी घेऊन आली. त्यानं तिला थांबायला सांगितलं. मग कात्री वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला आणि माझ्या हातात दिली. पैसे काढले तर बापासारखाच हात मागं घेतला.

"आपाच्या पोराला तालमीत घालतोय उद्यापासनं," तो म्हणाला. "आठ वर्षांचा हाय. बॉलवर डावा पाय माझ्यासारखाच चालतोय त्याचा. दुसऱ्या तालमीत घालू म्हटलं, तर अब्बा ऐकत न्हाईत. म्हणतात, केरबामामा हाईत तिथं." त्यानं आवाज खाली आणला. "त्याला सगळं शिकवा मामा. तेवढी मागची शीर धरायला शिकवू नका."

बाईनं विळी पुढं केली. त्यानं ती घेतली, माझ्याकडं बघितलं आणि उत्तराची वाट बघत राहिला.

"न्हाई शिकवत," मी म्हणालो.

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या दिवशी आखाड्याच्या कडेला हुंदरे बाईंशी बोललो होतो, तसाच लागला.